भिंतीबाहेरची माती

माझी पहिली मुलगी सकाळी जन्मली आणि त्याच दिवशी ऊन उतरायच्या आत गेली. सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या होत्या. माजलगावच्या डॉक्टरांनी हात वर केले आणि बीडला न्यायला सांगितलं. जीपमध्ये एका बाजूला आई होती आणि दुसऱ्या बाजूला आबा, म्हणजे माझे वडील. माझा नवरा एस.टी.त ड्रायव्हर. तो त्या दिवशी लांबच्या गाडीवर होता. त्याला निरोप पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

मुलगी काचेच्या पेटीत होती. हातभरसुद्धा नव्हती. नर्स चांगली बाई होती, तिनं मला उगाच आशेला लावलं नाही. म्हणाली, "बघून घ्या बाई. लई वेळ न्हाई तिला."

मी आबांना म्हणाले, "पाणी लावा."

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या गावच्या चर्चमध्ये, तान्ह्या लेकराच्या कपाळाला पाणी लावून बाप्तिस्मा देतात. नावही तेव्हाच घेतात. त्याआधी ते नाव घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. पाणी लावायचा अधिकार फक्त पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना. आबा मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक होते. मंडळीत काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्यांना पाळकांपेक्षाही जास्त पाठ होतं. नोकरीत ते पाटबंधारे खात्यात कालव्यावर होते. पाणीपाळी ठरलेली असायची, आणि पाळी आल्याशिवाय त्यांनी कधी कुणाच्या चारीला पाणी सोडलं नाही. मोठे बागायतदार दारात येऊन बसले, पुढाऱ्यांचे फोन आले, तरी नाही. लोक त्यांना नावं ठेवायचे आणि विश्वासही त्यांच्यावरच ठेवायचे.

"मला अधिकार न्हाई, बाई," आबा म्हणाले.

"ती चाललीय, आबा."

"पाळकसायबाला फोन केलाय. निघालेत ते."

पाळकसाहेब आष्टीकडं एका सभेला गेले होते. मांजरसुंब्याच्या फाट्यावर त्यांना पुढची गाडी मिळत नव्हती. आबा सारखे बाहेर जाऊन फोन लावायचे आणि परत यायचे. एकदा परत आले ते हातात पाण्याचा ग्लास घेऊन. तो त्यांनी स्वतःला प्यायला आणला नव्हता, आणि मला प्यायची मनाई होती. पेटीजवळ उभं राहून त्यांनी दोन बोटं पाण्यात बुडवली. मी श्वास रोखून बघत होते. बोटं वर आली, थोडा वेळ तशीच हवेत राहिली. मग आबांनी ती शर्टाला पुसली आणि ग्लास खिडकीत ठेवून दिला.

मी आईच्या कानात मुलीचं नाव सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

पाळकसाहेब आले तेव्हा नर्सनं मुलीला कापडात गुंडाळून माझ्याजवळ दिलं होतं.

गावी आल्यावर प्रश्न उभा राहिला तो मातीचा. आमच्या कब्रस्तानाला छातीइतकी दगडी भिंत आहे, आणि बाप्तिस्मा न झालेल्याला भिंतीच्या आत जागा नाही, असा आमच्या मंडळीचा जुना नियम. तेव्हाचे पाळकसाहेब वयस्क होते, मवाळ होते. ते आबांकडं बघत राहिले. आबांनी नुसती मान डोलावली असती तरी त्यांनी डोळ्यांआड केलं असतं. आबा म्हणाले, "नियम सगळ्यांला हाय. माझ्या घरासाठी येगळा न्हाई."

भिंतीला लागूनच एका शेतकऱ्याचं वावर आहे. हिंदू कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी. त्या घरातल्या बाईला मी काकू म्हणते. काकू शेळ्या घेऊन बांधावर होत्या. काय चाललंय ते त्यांना कुणी सांगितलं नाही, त्यांचं त्यांनाच कळलं. "आमच्या बांधावर ठिवा की," त्या म्हणाल्या. "त्या जिवाला कितीशी जागा लागती?" बाभळीखाली, भिंतीपासून हाताच्या अंतरावर, माझ्या मुलीला माती दिली. काकूंच्या घरच्यांनी त्या तुकड्यावरून पुन्हा कधी औत नेलं नाही.

त्या दिवाळीत काकूंनी तिथं पणती लावली. आबांनी त्यांना जाऊन सांगितलं, "आमच्यात हे चालत न्हाई."

काकू म्हणाल्या, "बांध आमचा हाय न्हवं? मग आमच्यात चालतंय." त्या दर दिवाळीला पणती लावत राहिल्या. आबा त्या दिवसांत कब्रस्तानाकडं जायचे नाहीत. मी शाळेत शिकवते; शाळेतून येताना वाट वाकडी करून जायचे आणि ती पणती लांबूनच बघून घरी यायचे.

पुढं मला मुलगा झाला. आठवडाही व्हायच्या आत आबांनी त्याचा बाप्तिस्मा उरकून घेतला. त्याच्या कपाळावरून पाण्याचा ओघळ नाकावर आला आणि त्याला शिंक आली. सगळी मंडळी हसली. मी बाहेर जाऊन चपलांच्या ढिगाजवळ उभी राहिले.

नवऱ्याच्या फिरतीमुळं मी माहेरीच होते, आबा आणि मी एकाच घरात राहत होतो. बोलत होतो, एकत्र जेवत होतो, नाताळच्या करंज्या एका परातीत भरत होतो. त्या दिवसाबद्दल मात्र एक अक्षर नाही. मग आई गेली. तिला भिंतीच्या आत जागा मिळाली, चाफ्याजवळ. आई गेल्यापासून आबा रोज ऊन कललं की काठी घेऊन बाहेर पडायला लागले. मला वाटायचं, आईच्या कबरीपाशी जात असतील.

एकदा दिंद्रुडच्या बाजारात काकू भेटल्या. कोथिंबिरीची जुडी निवडत म्हणाल्या, "तुमचे आबा आमच्या बांधावर बसत्यात रोज. म्हातारं माणूस, इच्चूकाट्याचं भ्याव हाय. बघा जरा."

दुसऱ्या दिवशी मी शाळा सुटल्यावर घरी न जाता तिकडंच गेले. आबा बाभळीखाली बसले होते. चपला काढून बाजूला ठेवलेल्या. काठी आडवी. पाठ माझ्याकडं होती. ते बोलत होते, अगदी हळू. मध्येच थांबायचे, जसं समोरचा बोलायला लागल्यावर आपण थांबतो. मग मान हलवायचे. एकदा हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. समोर भिंत होती आणि भिंतीवर उतरतं ऊन, दुसरं काही नाही. हाक न मारता मी तशीच मागं फिरले, पण अर्ध्या वाटेवर येईपर्यंत मला मागून कुणीतरी बघतंय असं वाटत होतं.

आबा घरी आले तेव्हा मी शेंगा फोडत होते. तेही समोर बसून फोडायला लागले.

"कुणाशी बोलत होता, आबा?"

ते दचकले नाहीत. "तू आलतीस?"

"आलते."

"तो येतो तिथं."

"तो कोण?"

"कोण म्हंजे? ज्याचं नाव घेण्यात जन्म गेला, तो." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे परातीत टाकले. "तोंड नीट दिसत न्हाई. उजेड मागून असतो. पन तोच हाय. घरचं माणूस अंगणात आलं की आपल्याला पावलावरून कळतं का न्हाई? तसं. भिंतीच्या भाईरच बसतो, मातीत. आन ती त्याच्या मांडीवर असती."

"कोण ती?"

आबांनी माझ्या मुलीचं नाव घेतलं.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. इतक्या वर्षांत ते एकदाच उच्चारलं गेलं होतं, दवाखान्यात, आईच्या कानात. आईनं कधीतरी त्यांना सांगितलं असेल. नवराबायकोचा इतक्या वर्षांचा संसार, सांगितलंच असेल. नसेलही. विचारायला आता आई नव्हती. मी आबांना विचारू शकले असते, "हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?" त्या दिवशी विचारलं नाही, पुढंही नाही. उत्तर कुठलंही आलं असतं तरी मला झेपलं नसतं.

श्रद्धा असलेली बाई म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला आला तो संताप. परात सरकवून मी उभी राहिले. "तुमाला कावून दिसती ती? माझं लेकरू हाय. मी पोटात वाढवलं. तुमी तर तिला आत येऊ दिलं न्हाई. मग तुमाला कावून? मला का न्हाई?"

"मला ठावं न्हाई, बाई," आबा म्हणाले. "मी बी त्येला हेच इचारलं."

"काय म्हणला मग?"

"त्याचं उत्तर न्हाई दिलं. मी म्हणलो, देवा, माझ्या हातून पाणी लागलं न्हाई. तर म्हणला, मी लावलं. तू बोटं पुसलीस, तवाच मी लावलं."

आबांची मान खाली होती. शेंगेचं फोलपट ते बोटांनी चुरत होते. मी स्वयंपाकघरात गेले आणि काही काम नसताना भांडी घासत बसले.

वयानं डोकं हललं असेल, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. आम्ही आबांना बीडला दाखवलं. डॉक्टरांनी त्यांना बरंच काही विचारलं. आबांनी कालव्याची सगळी दारं क्रमानं सांगितली, कुठल्या दाराखाली कुणाचं वावर तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्ती माझ्याहून चांगली आहे. झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. आबांना झोप चांगली लागायची, त्यामुळं गोळ्या तशाच पडून राहिल्या.

घरातली गोष्ट घरातच राहिली असती. पण रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायची वेळ असते. कुणाचा आजार बरा झाला, कुणाला नोकरी लागली, ते उभं राहून सांगतात. एका रविवारी आबा उभे राहिले. सगळं सांगितलं. बोटं पुसल्याचंही सांगितलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझी नात बाप्तिस्मा झालेली हाय. भिंतीबाबत आपण चुकलो. मी जास्त चुकलो." मागं कुणीतरी "आमेन" म्हणायला गेलं आणि मध्येच थांबलं.

जुने पाळकसाहेब एव्हाना निवृत्त झाले होते. नवे तरुण होते, शास्त्र शिकून आलेले, कष्टाळू. कोविडच्या काळात त्यांनी घराघरांत डबे पोचवलेले मी पाहिले होते. ते दुसऱ्याच दिवशी घरी आले. "सलाम, आबा," म्हणून खाली चटईवरच बसले.

"आबा, तुमचं दुःख मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण संस्कार मंडळीच्या हातून होतो. दर्शनातून नाही. दर्शन कुठून येतं, हे ओळखायला आपल्याकडे वचनाशिवाय दुसरं काय आहे? फसवणारेही उजळ रूप घेऊन येतात."

"खरं हाय," आबा म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो तर हेच म्हणलो असतो. म्हणलेलो हाय. दर्शन झालं म्हणणाऱ्या एका बाईला याच घरात बसून म्हणलेलो हाय."

"आज तुम्ही चांगलं काही सांगताय. उद्या दुसरा कुणी उठेल आणि म्हणेल, प्रभूनं मला सांगितलं, बायकोला घराबाहेर काढ. त्याला मी काय म्हणून थांबवू?"

मी चहा घेऊन दारात उभी होते. पाळकांचं म्हणणं मला पटलं, हे मला कबूल केलं पाहिजे. अंगात आलं म्हणून लोक काय काय करतात, ते मी शाळेत येणाऱ्या लेकरांच्या घरांत पाहत होते.

आबा म्हणाले, "थांबवायलाच पायजे त्येला. तुमी मला बी थांबवा. तुमचं कामच हाय ते. पन मी न्हाई दिसलं असं कसं म्हणू?"

पंचांची बैठक झाली. ज्या बाकावर आबा इतकी वर्षं बसायचे, तो बाक त्या दिवशी त्यांच्यासमोर होता. ठरलं असं की आबांनी पंचपद सोडावं, आणि शब्द मागं घेईपर्यंत प्रभुभोजनात, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीत, भाग घेऊ नये. आबांनी सही केली. तेव्हापासून ते चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, भिंतीकडेला बसायला लागले. एकही रविवार चुकवला नाही. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरायचं. आबा ते ताट दोन्ही हातांनी नीट धरायचे, शेजारच्याकडं द्यायचे आणि मग हात मांडीवर ठेवायचे. मी पुढच्या बाकावरून वळून बघायचे.

त्या दिवसांत मी आबांना विचारायला लागले होते. आधी रागानं, मग सवयीनं. ते बांधावरून आले की मी पाण्याचा तांब्या द्यायचे आणि म्हणायचे, "होती का?"

"व्हती."

"केवढी झाली?"

"तेवढीच हाय. पन डोळे उघडे असत्यात."

माझ्याकडं तिचे मिटलेलेच डोळे होते. ते ऐकल्यावर कितीतरी दिवस फळ्यावर लिहिताना, कणीक मळताना, मला ते उघडे डोळे दिसायचे, आणि ते कुणासारखे आहेत हे काही केल्या ठरायचं नाही. एकदा मी आबांच्या जागी, त्यांच्याच वेळेला जाऊन बसले. चपला काढल्या. मुंग्या पायांवर चढल्या, बाभळीचा काटा टोचला. ऊन भिंतीवरून उतरून गेलं. कुणीही आलं नाही.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आबा अंथरुणाला खिळले. छातीत पाणी झालं होतं. पाळकसाहेब रोज यायचे, पाय चेपायचेसुद्धा. एके सकाळी ते भाकरी आणि द्राक्षरसाची छोटी पेटी घेऊन आले. ती त्यांनी उघडली नाही. माझ्याकडं बघून हळू म्हणाले, "ताई, त्यांनी फक्त एवढं म्हणावं, की माझी चूक झाली असेल. 'असेल' एवढंच. मी लगेच देतो."

मी आबांजवळ वाकले. "म्हणा ना, आबा. असेल म्हणा."

आबांना बोलायला दम लागत होता. "एकदा गप उभा ऱ्हायलो व्हतो," ते म्हणाले. "आता न्हाई." मग पाळकांचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमी वाईट वाटून घिऊ नका."

पाळकसाहेबांनी पेटी पिशवीत ठेवली. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी लांब प्रार्थना केली, पण भाकरी दिली नाही. आबा दोन दिवसांनी, मी त्यांचं तोंड पुसत असताना गेले.

आत, आईच्या शेजारी त्यांची जागा ठेवलेली होती. पंचांनी तेवढं मोठं मन दाखवलं. पण आबांनी मला सांगून ठेवलं होतं, भिंतीच्या बाहेर. काकूंना विचारायला मी स्वतः गेले. त्यांच्या मुलांनी एकमेकांकडं बघितलं. काकू म्हणाल्या, "रोजचं बसायउठायचं माणूस आमच्या बांधावरचं. आता परकं झालं का?" मुलांनी स्वतः टिकाव घेतले.

पाळकसाहेब म्हणाले, "ताई, भिंतीबाहेर मला विधी करता येत नाही. माझे हात बांधलेले आहेत."

मी म्हणाले, "मी तुम्हाला काहीच मागितलं नाही."

आम्ही शवपेटी खाली सोडली. माझा नवरा, मुलगा, काकूंची मुलं, मंडळीतले थोडे लोक. बाकीचे लांब रस्त्यावर उभे होते. कुणी गीत सुरू करावं, हे कळत नव्हतं. तेवढ्यात भिंतीच्या आतून आवाज आला. पाळकसाहेब कब्रस्तानात शिरून, भिंतीच्या अगदी जवळ येऊन उभे होते. छातीपासून वरचेच आम्हाला दिसत होते. झगा घातलेला, हातात पुस्तक. त्यांनी मातीचा सगळा विधी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. आमच्याकडं एकदाही बघितलं नाही, समोर आतली एखादी कबर असावी तसं वाचलं. मी मूठभर माती टाकली तेव्हा त्यांनीही खाली वाकून काहीतरी उचललं आणि भिंतीवरून हात लांब केला. माती अर्धी भिंतीवर पडली, अर्धी आबांवर.

पुढं पंचांनी विचारलं तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "मी कब्रस्तानाच्या आतच उभा होतो." ते खोटं नव्हतं.

मी अजून चर्चला जाते. भाकरी घेते. बांधावरही जाते, शाळा लवकर सुटली तर. काकू शेळ्या वळवत विचारतात, "दिसतंय का काई?"

"न्हाई, काकू."

"मंग कावून येता उन्हाचं?"

मी हसते.

पण अलीकडं घरात एक होतं. दुपारची वेळ असते, नवरा गाडीवर, मुलगा शिकायला बाहेरगावी. मी ओट्याशी उभी असते आणि मागं, दाराच्या आत, कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं. पाऊल वाजत नाही. पण खोली भरते. एकटीच्या खोलीत आणि दुसरं माणूस असलेल्या खोलीत जो फरक असतो, तो फरक पडतो. माझ्या मानेवरचे केस उभे राहतात. भीतीच असते ती, आणि तरी मी मनात म्हणत असते, जाऊ नको. कोण आहे, एकटं आहे की कडेवर कुणी आहे, मला माहीत नाही. मी मागं वळून बघत नाही. बघितलं आणि कुणीच नसलं, तर मग माझ्याजवळ काय उरेल? आणि असलं, तर रविवारी आबांसारखं उभं राहून सांगावं लागेल.

मी हातातलं काम तसंच चालू ठेवते, आवाज होऊ न देता.